पोटाचा प्रश्न

माणसाच्या सगळ्या अवयवांत मराठी भाषेने सर्वांत जास्त राबवले आहे ते पोटाला. डोळ्यांवर गाणी झाली, हृदयाचे कवींनी कौतुक केले. पण संसाराचा सारा भार भाषेने टाकला तो पोटावरच. मुलगा पोटचा असतो. त्याची चूक पोटात घालावयाची असते. गुपित ठेवावयाचे ते पोटात, शेजाऱ्याची भरभराट झाली की दुखावयाचे तेही पोटात, आणि कोणाचे दुःख पाहून तुटावयाचे तेही पोटातच. वैर धरले तर पोटावर पाय द्यावयाचा, आणि लेकरांना शिकवावयाचे तर पोटाला चिमटा घ्यावयाचा. घरातल्या घरात राहतो तो पोटभाडेकरू. आणि ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याचे पोट हातावर असते. एवढ्या कर्त्या अवयवाचा पाऊण हिस्सा काढून टाकावयाचे ठरले, म्हणजे माणसाला स्वतःइतकीच भाषेचीही काळजी वाटू लागते. माझे तसे ठरले आहे.

तारीख त्रिपुरी पौर्णिमेनंतरची आहे. डॉक्टरांनी दिवाळीआधीची एक आणि दिवाळीनंतरची एक अशा दोन तारखा पुढे ठेवल्या, तेव्हा आमच्या सौ.ने माझ्याकडे न पाहताच नंतरची निवडली. शस्त्रक्रियेपूर्वी चौदा दिवस मोजका आणि पातळ आहार घ्यावयाचा असतो. तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होईल. म्हणजे चकल्यांचे डबे अजून अर्धे भरलेले असताना मी सूप, ताक आणि प्रथिनांची भुकटी यांवर असणार. या चौदा दिवसांचे कारण मात्र मला पटले. लठ्ठ माणसाचे यकृतही बहुधा चरबीने फुगलेले असते, आणि ते जठरावर छपरासारखे पसरलेले असते. दोन आठवडे गोड आणि पिठूळ बंद केले की यकृत आपला साठा खर्च करते, आक्रसते आणि सर्जनला आत हात चालवावयास जागा होते. कारखान्यात नवे यंत्र यावयाचे असले की आम्ही आधी आठ दिवस वाटेतला माल हलवतो, तसेच हे.

कारखान्याची उपमा आपोआप येते, कारण आयुष्य तेथेच गेले. मी चाकणच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. ट्रक रिकामा आला की काट्यावर चढवावयाचा, भरला की पुन्हा चढवावयाचा. दोन आकड्यांतला फरक तो माल. अशा वजाबाक्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. परंतु मी स्वतः काट्यावर उभा राहिलो की तो ११८ किलो एवढेच सांगतो. त्यात गाडी किती आणि माल किती हे सांगत नाही. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळे गणित केले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागावयाचे. माझी उंची १६८ सेंटिमीटर. उत्तर आले ४१.८. आपल्या भारतीय बांध्याला पंचविसापासूनच लठ्ठ म्हणतात. तेव्हा मी लठ्ठपणाची वेस ओलांडून बराच पुढच्या गावी पोचलो आहे.

हे गणित बेल्जियममधील केटले नावाच्या ज्योतिर्विदाने १८३२ साली मांडले. ग्रहगोलांचे मोजमाप करणाऱ्याने माणसांच्या घेराकडे लक्ष द्यावे, यात माझ्या आकाराच्या माणसाला थोडा सन्मान वाटतो. पुढे अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ असे नाव दिले, ते १९७२ साली. हे साल वाचून मी थबकलो. कारण आमच्या घरात १९७२ हा आकडा उच्चारला की त्याचा एकच अर्थ होतो.

त्या साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी विहिरींचे तळ दिसू लागले आणि गावची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागली. आई जात होती, तेव्हा मी तिच्या पोटात होतो. खाण्यास परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. माझे जन्मवजन कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ‘एका पंज्यात मावत होतास,’ असे आई सांगते. ज्याचे वजन आता दोन नर्सबाई मिळून लिहून घेतात, त्याच्याविषयी हे ऐकताना घरातल्यांना हसू येते. आई हसत नाही.

१९७४ साली वडील पिंपरीला आले. या भागात तेव्हा माणसे येत होती ती त्याच एका कारणाने. पेनिसिलीन बनविणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच येथे उभी राहिली होती, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ साली टेल्को आली, आणि पवनेकाठच्या माळांवर पत्र्याची छपरे उगवू लागली. नगर, बीड, सोलापूर, सातारा, खानदेश, जेथे जेथे आभाळाने हात आखडता घेतला, तेथून माणसे आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. इतर शहरे राजांनी वसवली, नद्यांनी वसवली, देवांनी वसवली. आमचे शहर पोटाच्या प्रश्नाने वसवले, असे मी नेहमी म्हणतो. आता त्याच शहरात मी पोट लहान करून घेण्यास निघालो आहे. हाही पोटाचा प्रश्नच. फक्त उलट्या बाजूने आलेला.

उपाशी राहिलेल्या घराची एक शिस्त असते. ताटात टाकावयाचे नाही. पाहुण्याला ‘जेवलात का?’ याखेरीज दुसरा प्रश्न आधी विचारावयाचा नाही. पगाराच्या दिवशी आई पैसे मोजत नसे. फळीवरच्या डब्यांना वरून हात लावून पाही. डबे जड लागले की महिना चांगला. मला अभ्यासात बरे गुण पडले की साजूक तुपाची धार वाढे, ताप आला तरी वाढे, आणि मी रुसलो तर दोनदा वाढे. आमच्याकडे ‘तू आम्हाला फार आवडतोस’ असे तोंडाने कोणी कोणास म्हटलेले नाही. ते सगळे वाढण्यातून म्हटले गेले, आणि मी ते सगळे ऐकले.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयी वाचले, तेव्हा आईच्या त्या पंज्याची मला नव्याने आठवण झाली. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. दिसावयास किडकिडीत अशी आपली नवजात बाळे चरबीच्या हिशेबात मात्र तितकी किडकिडीत नसतात, असे त्यांना आढळले. २००४ साली त्यांनी इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. दोघांचाही वजन-उंचीचा आकडा अगदी एकच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना ज्याला कमी मिळाले, ते शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवण्याच्या तयारीनेच जन्मास येते, असा या विचाराचा रोख आहे. माझ्या बाबतीत तसेच घडले असे कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या पोटातले ते बाळ डबे भरून ठेवावयास तेथेच शिकले असेल, तर त्याच्यावर रागावावयाचे कसे?

आणि हे कीजही मोठे विलक्षण गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धानंतरच्या भुकेलेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे हे त्यांना शोधावयाचे होते. ते तरुण वजनाने उतरलेच, पण त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरे काही उरेना. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी ताट चाटू लागला. पुढे पोटभर मिळू लागल्यावर कित्येकांची भूक भागता भागेना आणि अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारे भुकेचे एक संप्रेरक शोधले. त्याचे नाव घ्रेलिन. वजन उतरू लागले की शरीर हे संप्रेरक वाढवते आणि रोजचा खर्च कमी करते. दुष्काळात शहाणा शेतकरी जे करील, तेच.

हे वाचल्यावर माझ्या गेल्या वीस वर्षांचा हिशेब मला नीट लागला. आमच्या भागात दिवसातून दोनदाच जेवणाऱ्यांचा एक पंथ आहे आणि दर दोन तासांनी खाणाऱ्यांचा दुसरा. दोन्ही पंथांत मी निष्ठेने राहिलो आहे. निगडीच्या टेकडीवर पहाटे चढलो आहे, दुधीचा रस प्यालो आहे. दर वेळी आठ-दहा किलो उतरले, आणि दर वेळी ते घर विसरलेल्या म्हशीसारखे फिरून गोठ्यात आले. एकदोनदा वासरूही घेऊन आले.

हे सारे प्रयत्न फुकट गेले नाहीत, हे मला विमा उतरवताना समजले नव्हते. वसूल करताना समजले. कारखान्याच्या सामूहिक विम्यातून खर्च मिळावयाचा, तर त्याचे नियम आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली जी अट घालून दिली, तीनुसार वय १८ किंवा त्याहून अधिक हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, तो आकडा ४० किंवा त्याहून अधिक हवा, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक आणि जोडीला ठराविक गंभीर आजार हवेत. आणि कमी त्रासाचे उपाय करूनही वजन उतरले नाही, असे आमच्या विमा कंपनीला दिसावयास हवे होते. म्हणजे अपयशाचे दाखले हवेत! मी आयुष्यभर गुणपत्रिका जपून ठेवल्या, पण अपयशाची फाईल करावी असे मला कोणी शिकवले नव्हते. सौ.ने ती केली होती. आहारतज्ज्ञांचे जुने तक्ते, व्यायामशाळेच्या पावत्या, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तारीख आणि वजन. तिने कपाटातून ती पिशवी काढली तेव्हा मला वाटले, शेजारच्या रेशन कार्डापेक्षा ही नीटनेटकी आहे. खर्चाचा अंदाज साडेतीन लाखांचा. त्यातले किती मंजूर होईल हे शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही. म्हणून एक ठेव मोडून ठेवली आहे. मुलीच्या शिक्षणाची ठेव नव्हे, एवढे मी पाहिले.

तपासण्यांचे एक वेगळेच पंचांग असते. रक्त, थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, हृदयाची सोनोग्राफी, फुप्फुसांची फुंकर, दुर्बीण घालून जठराची पाहणी, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वे. आहारतज्ज्ञ बाई एका दिवशी, भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी, आणि मानसतज्ज्ञ तिसऱ्या दिवशी. ‘मानसतज्ज्ञ कशाला? पोट तर पोटात आहे,’ असे मी हसत म्हणालो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘दुःख झालं की तुम्ही काय करता?’ मी विचार करून सांगितले, ‘जेवतो.’ ‘आनंद झाला की?’ पुढचे उत्तर त्यांनीच लिहून घेतले.

त्या सगळ्यांत माझ्या झोपेची तपासणी मला सर्वांत जड गेली. अंगाला तारा लावून एक रात्र निजावयाचे होते. सकाळी अहवाल आला: झोपेत तासाला ४२ वेळा श्वास थांबतो किंवा अडखळतो. मला त्यातले काही ठाऊक नव्हते. झोपलेल्याला कसे असणार? पण मुलीला ठाऊक होते. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री अभ्यास करताना तिला पलीकडच्या खोलीतले माझे घोरणे ऐकू येई, आणि ते थांबले की ती पेन खाली ठेवी. पुन्हा सुरू होईपर्यंत मनात आकडे मोजी. हे ती दोन वर्षे करीत होती. तिने हे मला सांगितले नाही, डॉक्टरांना सांगितले. मी शेजारी बसलो होतो. ‘एकदा तीस झाले होते,’ ती म्हणाली. शस्त्रक्रियेची तारीख मी त्याच दिवशी घेतली. माझे वडील छप्पन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, आणि मला त्रेपन्न पूर्ण झाली आहेत.

तारीख घेतली म्हणजे प्रश्न संपत नाहीत. ते लहान होतात आणि संख्येने वाढतात. रजा किती घ्यावी? बसून काम असेल तर दोन आठवडे पुरतात. पण जड उचलणे महिना-दीड महिना वर्ज्य, आणि माल रवाना करणाऱ्याने खोके उचलणार नाही असे म्हणणे म्हणजे आचाऱ्याने चुलीजवळ जाणार नाही म्हणण्यासारखे. पाळी बदलून घ्यावी लागेल. कारखान्याची बस पहाटे निघते आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर किती वेळ उभी राहील हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. थोडे थोडे पाणी दिवसभर प्यावयाचे, तर बसमध्ये बाटली हवी. कँटीनची सुटी अर्ध्या तासाची. त्यात रांग आली, हात धुणे आले. यापुढे मला चार घासांना वीसपंचवीस मिनिटे लागणार. घास पिठासारखा होईपर्यंत चावावयाचा, आणि जेवणाबरोबर पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. घाईने गिळले तर ते तसेच वर येईल, असा इशारा मिळाला आहे. कँटीनमधला आमचा टेबल आठ जणांचा आहे. त्यांतले एक जण म्हणाले, ‘साहेब, तुमचा भात आम्ही वाटून घेऊ, तुम्ही फक्त बसायला या.’ मला हे आश्वासन विम्याच्या मंजुरीपेक्षा मोलाचे वाटले.

शस्त्रक्रिया समजावताना डॉक्टरांनी कागदावर जठराचे चित्र काढले. पखालीसारखे दिसत होते. त्यात एक ते दीड लिटर मावते. तिच्या बाहेरच्या बाजूने उभी रेघ मारून ते म्हणाले, ‘एवढं जाईल.’ उरली ती एक अरुंद नळी, सदऱ्याच्या बाहीसारखी. म्हणून तिचे इंग्रजी नावही बाहीवरूनच ‘स्लीव्ह’. तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल, म्हणजे कटिंग चहा आणि वर एक घोट. पोट उघडावे लागत नाही. चारपाच भोके पुरतात. आणि भुकेचे ते घ्रेलिन बरेचसे ज्या घुमटातून येते, तो घुमटच निघून जात असल्यामुळे भूकही काही काळ निमते. वजनासाठी जठरावर शस्त्रक्रिया करण्याची सुरुवात १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला, त्या बायका पुढे बारीकच राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आपल्याकडे अशा गोष्टी गुप्त ठेवता येत नाहीत. बातमी फुटली आणि सल्ल्यांची रीघ लागली. मेहुणे म्हणाले, ‘गडकरींनी केलीय की! २०११ साली, मुंबईत. बघा, किती कामं करतात.’ त्यावर आत्याबाईंनी इमान अहमदची आठवण काढली. इजिप्तची ती महिला २०१७ साली मालवाहू विमानाने मुंबईत आली होती. तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात सांगत. शस्त्रक्रिया झाली, वजनही पुष्कळ उतरले, पण त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबुधाबीत वारली. वजनाखेरीजही तिचे आजार फार होते. प्रत्येक जण आपापला दाखला घेऊन येतो. भाच्याने विचारले, ‘मामा, इंजेक्शन का नाही घेत?’ वजन उतरविणारी नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्याकडे मिळू लागली, हे खरे आणि चांगलेही. डॉक्टरांनी तीही वाट मला समजावली होती. टोचत राहावे तोवर भूक निमूट असते, थांबवले की बहुतेकांचे वजन परतू लागते. ज्याला जी वाट मानवेल ती. माझा आकडा, माझी साखर आणि माझी झोप पाहून आम्ही ही निवडली.

काहींना हसूही येते. त्यांच्यासाठी मी चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवळाकडे बोट दाखवतो. आमच्या गावचे दैवतच लंबोदर आहे. मोदक खाऊन घरी जाताना उंदरावरून पडून त्याचे पोट फुटले, तेव्हा त्याने सर्प घेऊन कमरेला आवळला, अशी कथा आहे. पोटाला पट्टा बांधण्याची शस्त्रक्रियासुद्धा आधुनिक वैद्यकात होती. तेव्हा अग्रपूजेचा मान येथेही त्याचाच. आणि त्याच्या पोटाला हसणाऱ्या चंद्राचे पुढे काय झाले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

भीती वाटत नाही असे नाही. जिवाचा धोका साधारण हजारात एकाला, टाका गळण्याचा शंभरात एखाद्याला, असे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. भूल देणाऱ्यांनी झोपेच्या श्वासासाठी मुखवट्याचे यंत्र आतापासूनच लावावयास दिले आहे. ते लावून मी निजलो की मुलगी आकडे मोजत नाही. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच उठून चालावयाचे आहे, पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पुढे तीनचार महिन्यांनी केस गळतील, कातडे लोंबेल, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. भविष्यनिर्वाह निधीवरचे वारसाचे नाव तपासले, किल्ल्या कोठे आहेत ते वहीत लिहिले. कपाट आवरताना सौ. म्हणाली, ‘अहो, सदरे टाकू नका, शिंप्याकडे देऊ, आत घेता येतात.’ म्हणजे तिने मला परत आलेला गृहीत धरला होता. त्यानंतर मी त्या वहीत फार लिहिले नाही.

आईला सांगावयाचे राहिले होते. ते मी शेवटी ठेवले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘पोट कापायचं? आरं, ते भरावं म्हणून तर आम्ही गाव सोडलं.’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. याज्ञिक, कीज, मेसन, कोणीच कामास आले नाहीत. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मुलीने तिला वाचून दाखवला. पहिले पंधरा दिवस पातळ पदार्थ, एका वेळी तीस मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीवरचे टोपण दोनतीनदा भरेल एवढे. घोट घोट, थांबून थांबून. पुढचे पंधरा दिवस मऊ गुरगुटलेले. आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘हे तान्ह्या पोराचंच की.’ आणि आत जाऊन ती एक लहानशी पितळी वाटी घेऊन आली. कडेला चेपलेली. गावाहून आणलेल्या भांड्यांतली तेवढीच उरली आहे.

‘त्या साली तुला एवढंच मिळायचं,’ ती म्हणाली. ‘एवढ्यावर जगलास की तू.’

तिने वाटी चिंचेने घासून ओट्यावर ठेवली. मुगाचे कढण ती स्वतः करणार आहे, आणि किती पातळ ते तिला कोणी शिकवावयाचे नाही.

एक प्रश्न तेवढा उरला, आणि तो मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे. सर्जन माझे जठर लहान करील. पण पंगत तेवढीच राहणार. येत्या वर्षात लग्ने होतील, बारशी होतील, आणि कोणीतरी जिलबीचे ताट घेऊन माझ्यापुढे उभे राहील. आपल्याकडे आग्रह हा अपमानाइतकाच चुकवता येत नाही. चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा १६६० साली शाहिस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने टिकला. पण लाडू घेऊन उभ्या राहिलेल्या मावशीपुढे पाच मिनिटे टिकलेला मराठा माझ्या पाहण्यात नाही. शिवाय ती मावशी शत्रू नसते. तिच्या हातात जे आहे ते माझ्या आईच्या हातात होते तेच आहे. त्याला ‘नको’ म्हणणे हे मला अजून शिकावयाचे आहे, आणि त्याची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

तेव्हा एवढीच विनंती. आपल्या घरी या दिवाळीत कोणी पाहुणा ताटावर आडवा हात धरील. त्याला एकदा जरूर विचारा. एकदाही विचारले नाही तर वाईट वाटते. पण दुसऱ्यांदा वाढण्याऐवजी त्याच्याजवळ पाट ओढून बसा, आणि त्याची झोप कशी आहे, मुलगी काय शिकते, पाऊस कसा झाला, असे काहीतरी विचारा. तेही पोटात जाते, आणि त्याला जागा फार लागत नाही.